सरदारांची उचकी

उचकी लागली की इतर घरांत विचारतात, "कोण आठवण काढतंय?" आमच्या घरात विचारतात, "काय लपवतेस?" आम्हा सरदारांच्या रक्तातच ते आहे. खोटं बोललं की उचकी. म्हणून तर सात पिढ्या लोक आपली भांडणं आमच्या दारात आणतात. निवाडा करणारा खोटं बोलला तर भर सभेत कळतं.

दादाला कधी उचकी लागत नाही, कारण तो खोटं बोलतच नाही. समोरचा रडकुंडीला आला तरी हा खरं ऐकवून मोकळा. ताईचं उलट. तिला कोणाचं मन मोडवत नाही, त्यामुळे "भाजी छान झालीय"पासून "छे, तुम्ही कुठे जाड दिसता"पर्यंत दिवसभर उचक्या. आणि मी शेंडेफळ. मी बेधडक खोटं बोलते आणि मला काही म्हणजे काही होत नाही. हे मी लहानपणापासून लपवलं होतं. ज्याला उचकी लागत नाही तो या रक्ताचा नाही, असं आमच्याकडे मानतात. मग बोट आईकडे गेलं असतं, आणि उत्तर द्यायला आई उरली नव्हती.

गादी सोपवण्यापूर्वी सरदाराने सगळ्या मुलांना एकच प्रश्न विचारायचा, अशी आमची रीत. बाबा अंथरुणाला खिळले होते, वैद्यांनी आशा सोडली होती. आम्हाला वाटलं, सीमेबद्दल विचारतील, सैन्याबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "मी बाप म्हणून बरा होतो का रे?"

"नाही," दादा म्हणाला. "तुम्ही घरात असायचात तरी कुठे?"

"होतात की!" ताई म्हणाली, आणि तिला उचकी लागली. बिचारी तोंड दाबून बाहेर पळाली. दादा तिला समजवायला गेला, म्हणजे आणखी रडवायला.

बाबांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी म्हटलं, "होतात, बाबा. खूप चांगले होतात."

उचकी नाही. मला वाटलं, जिंकले. बाबा मात्र माझ्याकडे बघतच राहिले.

"सातव्या वर्षी तू माझी दौत फोडलीस आणि मांजराचं नाव घेतलंस," ते म्हणाले. "तेव्हापासून मला ठाऊक आहे."

कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मी पटकन दाराकडे पाहिलं.

"घाबरतेस काय? माझीच आहेस, फक्त आईवर गेलीस. ती दुसऱ्या घरातून आलेली, तिला कुठली उचकी? 'मी सुखात आहे' म्हणायची रोज. घरात बाकीच्यांचं खरंखोटं मला उचकीवरून कळायचं, एका तिचंच कधी कळलं नाही. विश्वास ठेवावा लागायचा."

"मग माझ्या बोलण्याचा काय उपयोग?"

"पुन्हा म्हण."

मी त्यांचा हात धरला. ते घरात नसायचे, हे खरंच. पण दोन मोहिमांच्या मध्ये यायचे तेव्हा माझ्या वेण्या घालायचे, एक वर, एक खाली. मी खरं बोलणार होते की खोटं, माझं मलाच कळेना.

"होतात, बाबा."

"पटलं मला," बाबा म्हणाले, आणि त्यांना एवढी मोठी उचकी लागली की पलंग हलला. आम्ही दोघंही हसत सुटलो. मग मला रडू आवरेना.