जास्तीचे सात टाके

पोळ्याच्या दारातून आत शिरलं की डाव्या अंगाला, ऊन कधीच पोचत नाही अशा कोपऱ्यात, रफूमावशीचं बिऱ्हाड होतं. मावशी जातीची कोळीण. आठ पाय, आठ डोळे, करडं अंग आणि स्वतःच्या शिवणकामाचा भारी अभिमान. चौदा हजार मधमाशांच्या पोळ्यात ती एकटीच कोळीण, पण तिला परकं वाटावं असं कुणी वागत नसे. मेणाच्या भिंतीला चीर गेली की मावशी ती धाग्यानं रफू करायची. दारातून गार वारा यायला लागला की पडदा विणायची. मेण कुरतडणाऱ्या अळ्या भिंतीत शिरल्या तर त्या हुडकून काढायची आणि खाऊन टाकायची, म्हणजे पोटापाण्याची सोयही घरातच होती. मधाचा थेंब ती तोंडात घालत नसे. या माशा जन्मभर इतकं गोड खाऊन इतकं कडू कसं बोलू शकतात, याचं तिला नवल वाटायचं.

कडू बोलण्यात पहिला नंबर दारावरच्या काकूंचा. आत येणाऱ्या प्रत्येकीला हुंगून घ्यायचं आणि नियम सांगायचे, हे त्यांचं काम, आणि नियम सांगताना त्यांना जेवणाचीही शुद्ध राहत नसे. मावशीची आजी पहिल्यांदा या पोळ्यात राहायला आली तेव्हा एक अट ठरली होती. कोळिणीच्या धाग्यामुळे एका जरी माशीची वाट चुकली, तर कोळिणीनं त्याच दिवशी पोळं सोडायचं. आजीनं अट पाळली, आईनं पाळली, मावशीही पाळत आली होती.

"अट लक्षात आहे ना, मावशी?" काकू येता-जाता विचारायच्या.

"तुम्ही विसरू द्याल तर ना," मावशी म्हणायची आणि पुढचा टाका घालायची.

तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे बिनचूक. लांबची फुलं शोधून काढून त्यांचा पत्ता बाकीच्यांना सांगायचा, हे बिनचूकचं काम. नऊ फुलोरे येऊन गेले, पण तिचा पत्ता एकदाही चुकला नव्हता, म्हणून सगळ्यांनी हे नाव ठेवलं होतं. आता तिच्या पंखांच्या कडा झिजून झालर झाली होती आणि मागच्या पायांची पकड गेली होती. तरी रोज सकाळी निघायची आणि परतल्यावर आधी मावशीच्या कोपऱ्यात टेकायची. अंगावरचा पराग तिथंच झटकायची, मग मावशी चिडायची, मग दोघी गप्पा मारायच्या. मावशीनं पोळ्याबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. बाहेर म्हणे आकाश नावाची एक जागा आहे आणि तिला छतच नाही. नुसतं ऐकूनही मावशी कोपऱ्यात आणखी आत सरकायची.

पोळ्यात पत्ता तोंडानं सांगून चालत नाही, नाचूनच सांगावा लागतो. चौथ्या गल्लीत मेणाची एक उभी फळी आहे, तिच्यावर हा नाच चालतो. सरळ वर नाचलं तर सूर्याकडे तोंड करून जायचं, खाली नाचलं तर सूर्याकडे पाठ करून. डावीकडे झुकलं तर तेवढं डावीकडे. नाच जितका लांब, तितकं अंतर जास्त. आत अंधारच असतो, म्हणून बाकीच्या माशा भोवती उभ्या राहून फळीची थरथर पायांनी ऐकतात. मावशीही आपल्या कोपऱ्यात बसून, चौथ्या गल्लीपर्यंत नेलेल्या एका धाग्यावर पाय ठेवून ती ऐकायची. एकही फूल न पाहिलेल्या मावशीला सगळ्या बागांचे पत्ते पाठ होते.

या फळीचा उजवा खालचा कोपरा बिनचूकचा. तरण्या माशा मधोमध नाचायच्या, पण तो कोपरा तिचाच राहायचा. यंदाच्या फुलोऱ्याच्या सुरुवातीला नेमकी तिथंच चीर गेली आणि मावशी रफू करायला गेली. काम पाच टाक्यांचं होतं. पण बिनचूकचे झिजलेले पाय मावशीच्या डोळ्यांपुढे आले. बाई नाचता नाचता घसरून पडली तर? तिनं आणखी सात टाके घातले, धागा शेजारच्या भिंतीला नेऊन ताणला आणि गाठ अशी मारली की कोपरा दगडासारखा घट्ट झाला. त्या दिवशी ती स्वतःवरच खूश होऊन घरी आली.

तिसऱ्या दिवशी बिनचूक धापा टाकतच आली.

"मावशे, निळी फुलं! सूर्य उजव्या हाताला ठेवायचा, दगडी कुंपण ओलांडायचं आणि वाळकं झाड आलं की खाली बघायचं. अख्खा उतार निळा झालाय गं!"

ती फळीवर जाऊन नाचली. मावशीनं सवयीनं धाग्यावर पाय ठेवला आणि गोंधळली. थरथर सरळ वर चालली होती. सरळ वर म्हणजे सूर्याच्या दिशेला, आणि तिकडे तर नुसतं तळं. तोंडानं एक सांगते आणि नाचते भलतंच, थकली असेल बिचारी, असं म्हणून मावशी गप्प बसली. साठ माशा तळ्यावर गेल्या आणि रिकाम्या पोटी परतल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तळ्यावर पावसाची सर आली. दोघी जणी वाटेतच अडकल्या आणि सकाळी भिजलेल्या बोळ्यासारख्या कशाबशा दारात येऊन पडल्या. जीव वाचला, पण पोळ्यात कुजबुज सुरू झाली. वय झालं आता तिचं. आणि ही कुजबुज काकूंच्या कानावर गेली, म्हणजे निकाल लागल्यातच जमा. बिनचूकला नाच बंद. उद्यापासून दारात उभं राहून पंखांनी वारा घालायचा.

वारा घालणं हे काही हलकं काम नव्हे. पण ज्या बाईनं नऊ फुलोरे अख्ख्या पोळ्याला वाट दाखवली, तिला दारात उभं राहून दुसऱ्यांना जाताना बघणं किती जड जात असेल, हे मावशीला दिसत होतं. मधल्या सुट्टीत बिनचूक तिच्या कोपऱ्यात आली. परागही झटकला नाही. झटकायला होताच कुठे?

"मला एकदा खरं सांग," ती म्हणाली. "माझा पाय वाकडा पडतो का?"

आणि मावशीच्या भिंतीवरच ती नाचली. मावशीनं आठही पाय भिंतीला लावून ऐकलं. नाच डावीकडे झुकत होता. दगडी कुंपण, वाळकं झाड, निळा उतार, सगळं जिथल्या तिथं. तसूभरही फरक नाही.

"काय गं? पडतो ना वाकडा?"

"तू जा कामावर," मावशी कशीबशी म्हणाली. "मी जरा बघून येते."

फळीवर कुणी नव्हतं. मावशीनं मधोमध पाय आपटला, थरथर सरळ आली. मग उजव्या कोपऱ्यात आपटला. थरथर तिच्या ताणलेल्या धाग्याकडे ओढली गेली, भिंतीत शिरली आणि उजवीकडे सरकून परत आली. डावीकडचा नाच सरळ वर वाटेल इतकी. मावशीचे आठही डोळे पांढरे झाले.

तिला सगळं एकदम कळलं. धागा गुपचूप कापला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. अट तशीच राहिली असती, बिऱ्हाड राहिलं असतं आणि ते छत नसलेलं आकाश बघावं लागलं नसतं. फक्त बिनचूक जन्मभर वारा घालत राहिली असती, आपलाच पाय वाकडा पडला असं समजून. मावशीनं धागा कापायला उचललेला पाय खाली ठेवला. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटत होती.

मग तिनं हाक मारून सगळ्यांना फळीपाशी बोलावलं.

"पत्ता बिनचूकचा चुकला नाही, माझ्या धाग्यानं चुकवला," ती म्हणाली. "पाच टाक्यांचं काम होतं, मी बारा घातले. ती पडू नये म्हणून." आणि सगळ्यांसमोर तिनं धागा तोडला. फळी एकदा घुमली आणि मोकळी झाली.

दारातून धावत आलेली बिनचूक गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"म्हणजे अट मोडली," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा कडक काढायचा प्रयत्न त्यांनी केला, पण तो जरा घसरला. "नियम म्हणजे नियम. मावशींना आजच जावं लागेल. पण जाणार कुठे, तेवढं मात्र आपण बघून द्यायचं. कुणाला जागा ठाऊक असेल तर नाचा."

घराचा प्रश्न आला की या पोळ्यात असंच चालतं. जिला जागा आवडली तिनं नाचायचं, बाकीच्यांनी ती बघून यायची आणि पटली तर तोच नाच करायचा. सगळ्यांचा नाच एक झाला की ठरलं. एकीनं कुंपणातलं बीळ नाचून दाखवलं. दुसरीनं लाकडांचा ढीग, कोरडा आणि हवेशीर. मावशीनं भिंतीला पाय लावून सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्येकीला "छान आहे हो" म्हणाली.

तेवढ्यात बिनचूक आपल्या कोपऱ्यात चढली. झिजलेले पाय दोनदा घसरले, तरी चढली आणि नाचली. इतका छोटा नाच मावशीनं कधी ऐकला नव्हता. सरळ खाली, एकच झटका. सूर्याकडे पाठ आणि अंतर जवळजवळ काहीच नाही. अरे देवा, आता मात्र हिचं खरंच चुकलं, असं मावशीच्या मनात आलं.

पहिल्या पाच जणी जागा बघायला निघाल्या. त्यांनी पंखही उघडले नाहीत, चालतच गेल्या, गल्ली उतरून दाराच्या डाव्या अंगाला. ऊन न पोचणाऱ्या कोपऱ्यात डोकावल्या, पडदा बाजूला सारून छत बघितलं आणि परत येऊन तोच नाच नाचल्या. मग वीस जणी गेल्या. मग दोनशे. काडीचंही काम न करणारे आयतोबा नर, तेसुद्धा खायला काही नवीन आलंय अशा समजुतीनं रांगेत लागले. तळ्यावर भिजलेल्या दोघी तर पळतच परत आल्या. थोड्याच वेळात अख्खी फळी एका तालात थरथरायला लागली. सरळ खाली, एक झटका. सरळ खाली, एक झटका. मावशीच्या आठही पायांत ती थरथर भरली आणि तिला रडू आवरेना.

सगळ्यात शेवटी काकू गेल्या. जागा तपासल्याशिवाय त्या कशा नाचणार? कोपरा हुंगला, भिंत ठोकून बघितली, "परागाचा पसारा आहे" म्हणून नाक मुरडलं. परत आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि एकच ताठ झटका दिला.

"आजच्या आज गेलं पाहिजे म्हणजे गेलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "चला मावशी, नवीन जागेत मी सोडते तुम्हाला."

पण जाणार कसं? बिऱ्हाड बघायला अजून तीनशे जणी रांगेत उभ्या होत्या. मावशीला स्वतःच्याच दाराबाहेर ताटकळत उभं राहावं लागलं. शेजारी बिनचूक येऊन टेकली आणि मजेत अंग झटकलं.

"जागा चांगली आहे," ती म्हणाली. "फक्त तिथं राहणारी बाई गाठी जरा जास्तच घट्ट मारते."