बाबांचे चार दिवस

जनगणनेच्या कामात मी सगळ्यांच्या पुढे. वाट्याला आलेली दोनशे बारा घरं पंधरा दिवसांत पिंजून काढली. कुत्रं अंगावर आलं तरी फॉर्म हातचा सोडला नाही. शेवटच्या दिवशी साहेबांनी गठ्ठा मोजला आणि कपाळाला हात लावला.

"बाई, एक घर कमी आहे. तुमचंच!"

ऑफिस खो खो हसलं. मीही हसले. पण खरं सांगते, ते घर मी विसरले नव्हते, टाळलं होतं.

कारण बाबा. आई गेल्यावर "चार दिवस येतो" म्हणून आले, त्याला पाच महिने झाले. भरलेली बॅग अजून दाराआडच. "कायमचे राहा" म्हणायची माझी छाती होत नव्हती. चुकून मानी स्वभाव दुखावला तर तडक निघतील आणि तिकडे रिकाम्या घरात एकटेच चहा पीत बसतील, ही धास्ती. आमचा नियम मात्र सरळ होता: सहा महिने राहिलेला किंवा तेवढं राहायचा विचार असलेला माणूसच त्या घरात मोजायचा. कच्ची नोंद पेन्सिलने, पक्की पेनाने.

संध्याकाळी पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसले. बाबा जन्मभर शिंपी. चार दिवसांच्या या पाहुण्याने शेजाऱ्यांच्या निम्म्या पँटी दुरुस्तीला घेऊन उसवून ठेवल्या होत्या.

"कुटुंबप्रमुख मी," मी लिहीत म्हणाले.

"अरे वा! शिंगं फुटली."

"तुमचं प्रमुखाशी नातं?"

"बाप. अजून तरी."

पुढच्या रकान्यावर मी पेन्सिल टेकवली. "इथे सहा महिने राहायचा विचार आहे का?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे सरकार विचारतंय की तू?"

"सरकारला एक आकडा हवाय, बाबा. मला तुम्ही हवे आहात."

ते उठले आणि दाराआडची बॅग उचलली. मला वाटलं, निघालेच. पण त्यांनी बॅग पलंगावर उलटी केली. चार शर्ट, आईचा फोटो, मोठी कात्री. रिकामी बॅग माझ्या हातात दिली.

"ही माळ्यावर टाक. गुरुवारी शेजारच्या मास्तरांची पँट द्यायचीय, जाऊ कसा?"

मग फॉर्ममध्ये डोकावून खेकसले, "आणि पेन्सिलने काय गिरवतेस? पेन घे!"