वाघजाईच्या घंटेपर्यंत

मित्रांनो, पावस गावच्या एका आंबराईत विहिरीपलीकडे कौलारू मांगर, म्हणजे पेंढा-सामान ठेवायची खोप, आहे. तिथे पेंढ्याच्या राशीमागे जे काळे धूड दिसते ना, ती मी. मी एक जुनी मोटार आहे. माझ्या मागच्या बैठकीवर सध्या एक कोंबडी अंडी उबवायला बसली आहे, म्हणून जरा हळूच बोलते.

माझा जन्म सातासमुद्रांपलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या बहिणी तिथे इतक्या होत्या की आईलाही आम्ही वेगळ्या ओळखू आलो नसतो. बोटीने मी मुंबईला आले आणि एका कापडवाल्या शेटजींच्या दारात उभी राहिले. मला चालवायला केरू होता. हा रत्नागिरीकडचा. बायको तुळसा गावी, हा मुंबईत. रोज सकाळी माझे पितळी दिवे पुसताना तो गावची गाणी गुणगुणायचा आणि मधेच त्याचे फडके थांबायचे.

शेटजींनी नवी मोटार घेतली तेव्हा पावसचे बागायतदार आप्पा यांनी मला विकत घेतले. रत्नागिरीच्या बंदरात मला आगबोटीतून पडावात आणि पडावातून फळ्यांवरून किनाऱ्यावर उतरवले. माझ्याबरोबर केरूही उतरला. चाकाला हात लावून मला म्हणाला, "चल बाय, दोगांनाव घर मिळाला."

ते दिवस आठवले की अजून माझे पत्रे उजळल्यासारखे वाटतात.

त्या काळी आमच्या भागात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पाऊस सरून दिवाळी झाली की त्यांचे मालक हौसेने शर्यती लावत. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आमचा हंगाम. त्याचा रिवाज असा, की ज्या गावात शर्यत त्या गावाने वाट ठरवायची. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आम्हा मोटारींची परीक्षा निराळी. एका ठिकाणची हुशार दुसऱ्या ठिकाणी ढ ठरे.

ज्या हंगामाची गोष्ट मी सांगणार आहे, तो माझ्या जिवावर बेतलेला होता. पावसचे बागायतदार आंब्याच्या पेट्या बैलगाडीने बंदराकडे पाठवत. त्या वर्षी त्यांनी ठरवले, की पेट्या मोटारीने न्यायच्या. पण कोणाच्या? वाटेत वाघजाईची घाटी लागते. चढ असा, की बैलांच्याही तोंडाला फेस यावा. "हंगामातली शेवटची शर्यत तिथेच आहे. तिथे जी पहिली येईल, तिला आमचे आंबे," असे सगळ्यांनी ठरवले.

आप्पांना घरच्या आंब्यांपुरती मोटार ठेवणे झेपत नव्हते. भाताच्या गिरणीचे मालक माझे इंजिन काढून गिरणीला जोडायला टपूनच बसले होते. मी गेले की केरूलाही पुन्हा मुंबई. तुळसाने तर त्याची पत्र्याची पेटी मुद्दाम माळ्यावर टाकली होती आणि वर गोवऱ्या रचल्या होत्या. "आता काडून दाखवा," म्हणायची.

पहिली शर्यत दापोलीकडच्या मुरुडला. तिथे पोचायचे म्हणजे वाटेत खाड्या. दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर आम्ही उभ्या. पाणी पाहून माझे स्प्रिंग कुरकुरत होते. मुरुडची वाट म्हणजे पुळण. ओहोटीला समुद्र मागे सरला की ओल्या वाळूचा एक पट्टा फरशीसारखा घट्ट होतो. सुरूच्या झाडांकडे गेलात तर भुसभुशीत वाळूत चाक रुतते आणि पाण्याकडे गेलात तर लाट अंगावर येते. शिवाय पट्टा एका जागी राहत नाही, ओहोटीबरोबर सरकतो. रत्नागिरीचे वकील चारुदत्त यांची लांबलचक, वजनदार मोटार त्या सपाटीवर बाणासारखी सुटली. केरूने मला लाटांजवळून काढले आणि खारे पाणी माझ्या तारांवर उडाले. मी खोकत खोकत शेवटून दुसरी आले.

चारुदत्त गॉगल वर करून म्हणाले, "आप्पा, मोटारीला आल्याचा काढा द्या हो!"

"देतो, देतो. उरला तर तुमच्या मोटारीला पाठवतो. जयगडला लागेल," आप्पा म्हणाले.

आणि तसेच झाले. जयगडची वाट म्हणजे सडा. मैलभर उघडा कातळ, वर जांभ्याचे धारदार खडे. तिथे वेगाला कोण विचारतो? जो वेगात गेला त्याचा टायर फुटला. चारुदत्तांचे दोन फुटले. त्या सड्यावर जयगडचीच एक भाडोत्री मोटार म्हशीसारखी डुलत डुलत पहिली आली. कुठला खडा चुकवायचा हे तिच्या चाकांना पाठ होते. मी दुसरी.

तिसरी शर्यत आमच्या पावसला. इथे वाट म्हणजे बागांमधल्या पाणंदी. दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि मध्ये जेमतेम एक मोटार मावेल एवढी जागा. पुढच्याला ओलांडता येतच नाही. म्हणून कोणी आधी सुटायचे याच्या चिठ्ठ्या काढतात. आमची चिठ्ठी पहिली निघाली. मी पुढे सुटले आणि पुढेच राहिले. पण मित्रांनो, जिंकलेल्याला खरे कारण कधी दिसत नाही. शर्यतीआधी आप्पांनी माझे छप्पर, जादा चाक, हत्यारांची पेटी, सगळे उतरवून ठेवले होते. टाकीत पेट्रोलसुद्धा थोडेच. जिंकल्यावर ते साऱ्या गावाला सांगत सुटले, "हलकेपणा! सगळी जादू हलकेपणात!" केरूनेही मान डोलावली. मीही फुगले होते.

मग आली वाघजाईची घाटी.

इथला रिवाज सगळ्यात न्यारा. पायथ्याशी देवीचे गुरव आत्माराम नारळ वाढवून गाऱ्हाणे घालणार. मग दोन-दोन मोटारी एकदम सुटणार. रिकामी मोटार चालत नाही. "माणसं वर न नेणारी मोटार आमाला कशाला?" असे तिथल्या लोकांचे म्हणणे. आणि वर देवळाच्या उघड्या सभामंडपाच्या कडेला मोठी घंटा आहे. मोटारीतल्या ज्या माणसाने ती आधी वाजवली, त्याची मोटार पहिली.

माझ्यात पुढे केरू आणि आप्पा, मागे आप्पांच्या पत्नी आनंदीबाई आणि तुळसा. आनंदीबाई पहिल्यांदाच शर्यतीला बसत होत्या. त्यांनी एका हाताने माझे दार आणि दुसऱ्या हाताने तुळसाचे मनगट धरले होते.

"केरू, पेट्रोल किती?" आप्पांनी विचारले.

"घाटी चडण्यापुरता. बाकी डबा घरात पडवीत ठेवलाय. तुमीच सांगितलाव ना, हलकी हवी?"

"शाब्बास!"

आत्माराम गुरवांनी गाऱ्हाणे घातले, "बाय वाघजाये, ह्या लेकरांका सुखरूप वर घे, कुनाचा चाक घसरू नको, कुनाक गर्व चडू नको." सगळे "व्हय महाराजा" म्हणाले आणि आम्ही सुटलो. शेजारी चारुदत्तांची मोटार होती; घाटीचे नाव ऐकून बाकीच्यांनी माघार घेतली होती.

पहिली दोन वळणे मी शेळीसारखी चढले. अवजड मोटार मागे पडली. तिच्या तोंडातून वाफ निघू लागली, पाणी उकळले आणि ती थांबली. आप्पा आनंदाने ओरडले, "बघा, बघा! हलकेपणा!"

आणि पुढच्याच उभ्या चढावर माझा श्वास कोंडला. एकदा आचका दिला, दोनदा दिला, मग बंद. केरूने ब्रेक दाबला, खाली उडी मारून चाकाला दगड लावला. हँडल मारले. काही नाही. पुन्हा मारले. काही नाही. मला सगळे कळत होते, पण सांगणार कसे? माझी टाकी पुढच्या बैठकीखाली, इंजिन त्याच्याही पुढे. चढावर माझे तोंड आभाळाकडे झाले आणि होते नव्हते तेवढे पेट्रोल टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसले. पुढे वर चढून यायला त्याला वाटच नव्हती.

केरूने बैठक उचलून टाकीत काडी बुडवली. "पेट्रोल हाय हो आप्पा. हाय, पन तिकडं हाय."

"तिकडे म्हणजे?"

"मागल्या अंगाला."

आप्पांचा चेहरा उतरला. "शिंच्या, म्हणजे हलकेपणानेच घात केला की. आणि डबा पडवीत!" ते मटकन रस्त्याकडेच्या दगडावर बसले. खाली चारुदत्तांची माणसे ओढ्याचे पाणी आणून त्यांच्या मोटारीला पाजत होती. केरूने हात माझ्या नाकाडावर ठेवला, मुंबईत ठेवायचा तसा.

तुळसाला हे सहन झाले नाही. ती मागून कडाडली, "दोगं बाप्ये असे काय बसलाव? घरात दिव्याचा त्याल सरत आला की मी काय करतंय? दिवा वातीकडं कलता करतंय. तेवड्यावर भाकऱ्या होतात माज्या!"

"अगो, ही काय पणती आहे उचलून कलती करायला?" आप्पा वैतागून म्हणाले.

पण आनंदीबाई हसल्या. "उचलायची कशाला? तोंड खाली करून उभी करा की. वात खाली, तेल वर."

आप्पा आणि केरू एकमेकांकडे बघत राहिले. मग केरू असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. "उलटी! आप्पा, उलटी चडवतंय!"

त्याने दगड काढला. मी हळूहळू घसरत खालच्या वळणावरच्या मोकळ्या जागेत आले. तिथे सगळ्यांनी ढकलून माझे तोंड फिरवले. आता माझी पाठ देवीकडे आणि तोंड समुद्राकडे. टाकी वर, इंजिन खाली. पेट्रोल खळकन पुढे आले. केरूने हँडल मारले आणि मी पहिल्याच फटक्यात बोलले. उलट्या चालीत माझ्यात बैलाचे बळ येते, हे मलाही त्या दिवशीच कळले.

मी पाठमोरी घाटी चढू लागले. कडेच्या लोकांना हसू आवरेना.

"अरं बगा, खेकडा! कुर्ली चालली कुर्ली!"

"आप्पा, तोंड लपवून खंय चाललाव?"

कोणी तरी म्हातारी म्हणाली, "हसू नकां रं. नवरी सासरला अशीच जाते, मागं बगत बगत."

केरू मान मुरडून मागे पाहत होता, पण मागच्या बाजूला उंच बसलेल्या दोघी त्याच्या आड येत होत्या. म्हणून त्याच त्याचे डोळे झाल्या. "उजवीकडं! जरा उजवीकडं! घळ हाय, घळ! आता सरळ या!" आनंदीबाईंनी दार केव्हाच सोडले होते. त्या उभ्या राहून हात हलवत होत्या. इतक्यात खालून मोठा आवाज आला. पाणी पिऊन ताजी झालेली चारुदत्तांची मोटार धडधडत वर येत होती. शेवटच्या चढावर ती माझ्या बरोबरीला आली. तिचे तोंड देवळाकडे, माझे समुद्राकडे.

आम्ही दोघी एकदमच मंडपाला टेकलो. चारुदत्त सुकाणू सोडून उठले. पण त्यांच्यापुढे त्यांच्या मोटारीचे ते लांबच लांब नाक होते. ते ओलांडल्याशिवाय घंटा कुठली? माझी तर मागची बैठकच मंडपात शिरली होती. तुळसा बैठकीवर चढली, तिने हात उंचावला, आणि घाटीभर घंटा घणघणली.

"हे कसे धरायचे?" चारुदत्त धापा टाकत म्हणाले. "मोटार उलटी आली आहे!"

आत्माराम गुरव पायवाटेने आधीच वर पोचले होते. ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, आमचा रिवाज घंटेचा. तोंड कुनीकडं होता ता देवी इचारीत नाय."

चारुदत्त खदखदून हसले. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझ्या मागच्या पत्र्यावर थाप मारली. "आप्पा, काढा माझ्याकडे पाठवा," ते म्हणाले.

तुळसा अजून बैठकीवरच उभी होती. केरूने तिला उतरायला हात दिला. "पेटी ऱ्हावंदे माळ्यावर," एवढेच तो म्हणाला.

त्या वर्षीच्या चैत्रापासून मी आंबे वाहू लागले. गंमत अशी, की ज्या घाटीने मला जिंकवले तिथेच मला सगळ्यात सावकाश जावे लागे. आंबा हादरला की डागाळतो. भरल्या टाकीने, पेंढ्यात निजवलेल्या पेट्या घेऊन मी सरळ तोंडाने, पाय न वाजवता चढायची. वर पोचले की केरू घंटेला हात लावून यायचा. पावसाळ्यात तो माझी चाके दगडांवर उचलून ठेवी, प्रत्येक सांध्याला तेल घाली आणि अंगावर गोणपाट पांघरी. तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटायचे, हे असेच चालत राहणार.

पण रस्ते रुंद झाले, मोठ्या लॉऱ्या आल्या. एका लॉरीत माझ्या चौपट पेट्या मावतात. आप्पा गेले. मुरुडच्या पुळणीवर आता शर्यती होत नाहीत. सड्यावरच्या आमच्या चाकोऱ्यांत गवत उगवले असेल. केरू लॉरी चालवतो. पण रोज रात्री घरी जेवतो, मित्रांनो, आणि त्यातले थोडे श्रेय मी माझ्याकडे घेते. मला अलीकडे कोणी तेल घालत नाही. समुद्राच्या वाऱ्याने पत्रा खाल्ला आहे. आनंदीबाई मात्र सणासुदीला येऊन माझ्या दारावरून हात फिरवतात, आणि तुळसा अंडी बघायला येते तेव्हा भोंग्याचा फाटका रबर दाबून पाहते. तो वाजत नाही. ती तरी दाबते.

बाळांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. अडकणारे घड्याळ, कुरकुरणारा रहाट, नाहीतर जिना चढताना मध्येच थांबणारे आजोबा. ते बंद पडले, त्यांचे तेल संपले, असे चटकन म्हणू नका. जवळ जा. नीट पाहा. कधी कधी तेल असते, ते फक्त मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलेले असते. थोडे कलते करून पाहायला कोणी तरी लागते.

माझ्याही टाकीत, अगदी मागच्या अंगाला, अजून वाटीभर असेल.

पण आज नको. कोंबडीची पिल्ले बाहेर येऊ देत.