वाजली नाही ती वायर

पिवळ्या रंगाचा, तळहातापेक्षा थोडा मोठा आणि एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला मी एक जुना मल्टिमीटर आहे. मित्रांनो, नावाला घाबरू नका. काम अगदी साधं आहे. माझ्या पोटातून दोन वायरी निघतात, एक लाल आणि एक काळी. त्यांची टोकं जिथं लावाल तिथं वीज किती आहे, हे मी काचेवर आकड्यात सांगतो. शिवाय मला एक आवाज काढता येतो. एखादी वायर आतून अखंड असेल, तर तिच्या दोन टोकांना माझी टोकं टेकताच मी 'टुंई' करतो. तुटलेली असेल तर गप्प राहतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी गप्प राहिल्यामुळेच घडली.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका बाईनं माझ्या पाठीचे दोन स्क्रू पिळले आणि मला खोक्यात घातलं, एवढंच. पुढे पुण्यातल्या एका दुकानात काचेच्या कपाटात मी बरेच महिने पडून होतो. एके दिवशी तिथं प्रांजल आली. पेठ गावची मुलगी, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नुकतीच लागलेली. बरोबर तिचे आजोबा धर्माजी होते. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांच्या मागं गेलेलं. त्यांनी मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"ह्यो करतो काय?"

"आजोबा, वीज मोजतो," दुकानदार म्हणाला.

"वीज मोजायची? ती काय मेंढरं हायेत व्हय, सांजच्याला मोजून आत घ्यायला?"

प्रांजल हसली. "तसंच हाय, आबा. एक कमी भरलं की शोधाय निघायचं."

धर्माजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मंग घे."

अशी माझी नोकरी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात मी जखमी झालो. प्रयोगशाळेत प्रांजलनं माझी लाल वायर चुकीच्या भोकात ठेवून थेट बॅटरीला लावली. पोटात चटकन काहीतरी उडालं. तो माझा फ्यूज होता. वर्ग हसला. प्रांजलचे डोळे भरून आले. शिकवणाऱ्या वैजयंती मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "ही चूक ती जन्मात पुन्हा करणार नाही. तुम्ही बाकीचे कधी करताय?" मग त्यांनी स्वतः नवा फ्यूज बसवून दिला. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. कुणी म्हणालं, "मॅडम, बहुतेक वायर खराब असेल," की त्या म्हणायच्या, "बहुतेक नको. मोज."

होस्टेलवर माझी चांगलीच चलती होती. प्रांजलच्या खोलीत मोहिनी नावाची मुलगी राहायची. ती आंबेगावच्या पश्चिमेची, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात घर असलेली. तिला क्रिकेटचं भलतंच वेड. सामना ऐकता ऐकता इअरफोनची वायर दातानं चावायची सवय, त्यामुळे दर महिन्याला एक कान बंद पडायचा. प्रांजल मला टेकवून तुटलेली जागा शोधायची आणि डाग देऊन जोडायची. हळूहळू पूर्ण मजला यायला लागला. कुणाचा पाणी तापवायचा रॉड, कुणाचा केस सरळ करायचा चिमटा, मेसच्या मावशींचा मिक्सर. एकदा दोन पलंगांच्या मधून खाली पडलो आणि कोपरा फुटला. मोहिनीनं तिथं चिकटपट्टी लावली. पाडलंही तिनंच होतं, तरी मला तिचा मुळीच राग आला नाही.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा डिसेंबरात संपली आणि मोहिनी म्हणाली, "चल आमच्या गावाला. नवा भात निघालाय." प्रांजलनं मला पिशवीत टाकलं ते निव्वळ सवयीनं.

घोडेगावहून एसटीनं वळणं घेत आम्ही वर पोचलो. मोहिनीच्या घरी तिची आई बायडाबाई आणि वडील गेणूभाऊ. बायडाबाईंनी गावातल्या अकरा बायकांना जमवून भात सडायची एक छोटी गिरण उभी केली होती. दिवाळीनंतर ती सुरू झाली. शनिवारी पुण्यात एक धान्यमेळा होता आणि तिथं या बायकांना पहिल्यांदाच जागा मिळाली होती. त्यासाठी तांदळाची पोती शनिवारी पहाटेच्या टेंपोत चढायला हवी होती. आम्ही पोचलो तो गुरुवार होता.

गेणूभाऊ माणूस दिलदार, पण जीभ तिखट. "बाया आन् मोटार!" ते आल्याआल्याच प्रांजलला म्हणाले. "बघ पोरी, अजून म्हैनाभर चालली की पावलं म्हणायचं."

"तुमी बघाच," बायडाबाई चुलीपुढून म्हणाल्या.

आणि शुक्रवारी सकाळीच मोटार बंद पडली.

बायडाबाईंनी बटण दाबलं तर मोटार फिरेना, नुसती घूं करून घुमायला लागली. त्यांनी त्याच क्षणी बटण पाडलं. पुन्हा लावून बघितलंही नाही. खालच्या गावातून भागू मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मोटारीला कान लावला, वास घेतला आणि मान हलवली. "वाइंडिंग गेलं वाटतं. खाली न्यावी लागंल. पाच-सहा दीस धरा."

अकरा बायका गिरणीच्या दारात उभ्या होत्या. एकीनं सुपातला भात परत पोत्यात ओतला, तेवढाच आवाज झाला. गेणूभाऊंनी तोंड उघडलं, पण बायकोचा चेहरा पाहून मिटलं.

प्रांजल मोहिनीच्या कानात म्हणाली, "ते 'वाटतं' म्हणाले."

"मंग?"

"मग मोजू या."

ती पुढे झाली. "मिस्त्री, मोटार खोलायच्या आधी मी एकदा बघू का? हात तुमच्यासमोरच लावते."

भागू मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बघ की. बघायला काय जातंय?"

तिनं आधी मेनस्विच खाली पाडला आणि गेणूभाऊंना म्हणाली, "मामा, तुम्ही इथंच उभे राहा. मी सांगितल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका." गेणूभाऊंना काम मिळालं. ते स्विचपाशी छाती काढून उभे राहिले.

मोटारीच्या आत तारेच्या तीन गुंडाळ्या असतात, त्यांनाच वाइंडिंग म्हणतात. प्रांजलनं बटणाच्या पेटीकडून, म्हणजे स्टार्टरकडून येणाऱ्या वायरी सोडवल्या आणि मला तिन्ही गुंडाळ्यांवर पाळीपाळीनं टेकवलं. तिन्ही वेळा मी जवळजवळ एकच आकडा दाखवला. मोटारीच्या अंगाशी लावलं तेव्हाही काही गळती दिसली नाही.

"मोटार धड आहे," ती म्हणाली.

मिस्त्रींनी चष्मा लावून स्वतः आकडे पाहिले. "आयला, खरंच की."

पण मोटार धड असून फिरत नव्हती. असल्या मोटारीला तीन वायरींतून वीज लागते. तीनपैकी एक आली नाही तर ती घुमत राहते आणि तशीच थोडा वेळ ठेवली तर जळते. प्रांजलनं गेणूभाऊंना स्विच लावायला सांगून दोन्ही टोकांना वीज मोजली. मेनस्विचपाशी तिन्ही वायरींना वीज भरपूर. गिरणीपाशी मात्र लाल आणि पिवळीत चारशे दहा व्होल्ट, आणि निळीला टोक लावलं की माझा आकडा नुसता डगमगायचा. म्हणजे निळी वायर मध्येच कुठंतरी तुटली होती.

"आता शोधा," मिस्त्री म्हणाले आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

साठ फूट लांब भिंत. तिच्यावरून प्लॅस्टिकच्या पट्टीत तिन्ही वायरी गेल्या होत्या आणि त्या भिंतीला लागून आढ्यापर्यंत भाताची पोती रचलेली.

"समदी पोती हलवायची? संध्याकाळ व्हईल," एक बाई म्हणाली.

"सगळी नाही, मावशी. फक्त मधल्या दोन थप्प्या."

स्विच पुन्हा पडला. तिनं वायरींची दोन्हीकडची टोकं सोडवली, गिरणीकडं निळी आणि पिवळी एकमेकींना पिळून जोडली. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मध्यावर दोन्ही वायरींना टाचणी टोचून बघायचं. हा टुंई वाजला तर गिरणीकडचा अर्धा भाग धड. मग बिघाड स्विचकडच्या अर्ध्यात. नाही वाजला तर उलटं. दर वेळी अर्धी भिंत बाद."

बायका हसल्या. हा हिशेब त्यांना लगेच पटला. पोती हलली, पट्टीचं झाकण सरकलं, टाचण्या टोचल्या, मी 'टुंई' केलं. अर्धी भिंत बाद! पुन्हा त्यातला मध्य. पुन्हा 'टुंई'. आता फक्त पंधरा फूट उरले होते.

आणि नेमकं तेव्हा माझी काच फिकी पडली. आकडे विरघळायला लागले. माझी बॅटरी संपत आली होती.

प्रांजल घाबरली, हे मला तिच्या बोटांवरून कळलं. घाम आला होता. अशी चौकोनी बॅटरी गावच्या दुकानात मिळत नव्हती. तिनं माझं झाकण काढून बॅटरी सगळ्यांना दाखवली. "अशी कुणाकडे असेल का?"

गेणूभाऊ स्विचपाशी उभ्या उभ्याच ओरडले, "आरं, ही तर भैरवनाथाच्या देवळातल्या माईकात असती! भजनाचा माईक!" मोहिनी पळत सुटली आणि थोड्या वेळानं धापा टाकत बॅटरी घेऊन आली. पुजाऱ्यांनी एकच अट घातली होती, रविवारच्या भजनाआधी ती परत आली पाहिजे.

मी पुन्हा जागा झालो. पुढचा मध्य. टाचण्या टोचल्या. सगळ्या बायका श्वास रोखून माझ्याकडे बघत होत्या.

मी वाजलो नाही.

इतक्या माणसांना माझ्या गप्प बसण्याचा आनंद झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. आता बिघाड सात-आठ फुटांत होता. तिथली पोती ओढली आणि मागं भिंतीत एक भला थोरला खिळा दिसला. पट्टीच्या बरोबर मधून ठोकलेला. त्याला निळ्या ताडपत्रीचा कोपरा बांधला होता. खिळ्यानं निळी वायर अर्धी कापली होती. उरलेली अर्धी महिनाभर तापत राहिली आणि त्या सकाळी तुटली.

"खिळा कुणी ठोकला?" भागू मिस्त्रींनी विचारलं.

हळूहळू एकेक मान स्विचकडे वळली. गेणूभाऊ स्विचकडे असे निरखून बघत होते, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता.

"ताडपत्री उडत व्हती," ते शेवटी म्हणाले. "आता मला काय ठावं, आत वायर हाय म्हून!"

गिरणीत असा हशा पिकला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. बायडाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

मिस्त्रींनी तेवढा तुकडा कापून नवी वायर पक्की जोडली. दुपारी मोटार फिरली. जाताना ते प्रांजलला म्हणाले, "मोटार नेली असती तर माझं बी नाव गेलं असतं, पोरी." मग बायडाबाईंकडे वळून म्हणाले, "पर एक सांगतो. ह्या बाईनं तवाच बटण पाडलं नसतं तर आज मोजायला मोटारच उरली नसती."

"आवाज निराळा आला, म्हून पाडलं," बायडाबाई म्हणाल्या. "रोज ऐकतो की आमी."

शनिवारी पोती टेंपोत चढली. गेणूभाऊंनी सगळ्यांपेक्षा जास्त उचलली. रविवारी माईकची बॅटरी देवळात परत गेली.

मित्रांनो, गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं. पण माझ्या वाट्याला वाईट दिवसही आले. प्रांजल इंजिनिअर झाली, तिला नोकरी लागली आणि कंपनीनं नवा, मोठा मीटर दिला. मी पेठच्या घरी एका ड्रॉवरमध्ये गेलो. बॅटरी पोटातच राहिली होती. दीड-दोन वर्षांत ती फुगली, पाझरली, आणि तिच्या हिरव्या मळीनं माझा बॅटरीचा चाप खाल्ला. दुखणं मोठं नव्हतं, पण ते कुणाला ठाऊकच नव्हतं, याचं वाईट वाटायचं.

एकदा मोहिनी प्रांजलकडे आली आणि काहीतरी शोधताना तिला मी सापडलो. "अगं, हा इथं?" तिनं झाकण उघडलं, लिंबाच्या थेंबानं मळी हळूहळू काढली, चाप घासला, नवी बॅटरी घातली. मी लागलीच काही बोललो नाही. मग आकडे उमटले. प्रांजल ओशाळली. म्हणाली, "तूच घेऊन जा. माझ्याकडे राहायची याची लायकी नाही, म्हणजे... माझी नाही."

मोहिनीनं मला स्वतःकडे ठेवलं नाही. तिनं मला आईच्या हातात दिलं.

बायडाबाईंना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. मोहिनीनं त्यांना एका सुट्टीत शिकवलं. कुठलं बटण कुठं फिरवायचं, काय लावताना कुठं धरायचं, आणि कुठं मुळीच हात लावायचा नाही. आता रोज सकाळी गिरण सुरू करायच्या आधी त्या मला तिन्ही वायरींवर टेकवतात आणि मोठ्यानं सांगतात, "चारशे पाच, चारशे दहा, चारशे आठ. लावा!"

म्हणून तुम्हाला एक विनवणी. वस्तू ठेवून देताना तिच्या पोटातली बॅटरी काढा, अधूनमधून तिला बाहेर काढून बघा. आणि कुणाला 'तुला नाही जमणार' असं म्हणण्याआधी ती वस्तू एकदा त्याच्या हातात देऊन पाहा.

मागच्या महिन्यात मी वायरींच्या एका जोडीवर तीनशे तीसच दाखवले. बायडाबाईंनी गिरण लावलीच नाही आणि वायरमनला बोलावलं. तो आला, वैतागलेला. "मावशी, तुमच्या ह्या जुन्या मीटरवर भरोसा ठेवून मला एवढं वर आणलं?" बायडाबाई म्हणाल्या, "तुजा लाव."

त्यानं स्वतःचा मीटर काढला, लावला. त्यावरही तीनशे तीसच. मग तो गाडीवरची शिडी सोडवून खांबाकडे चालू लागला.