मेलेल्याला परत आणायचा नियम

वहिनी दातांच्या कवळ्या बनवायची. आठवडाभर मेण आणि प्लास्टरमध्ये हात, आणि रविवारी दुपारी तेच टेबल पुसून फाशांच्या गोष्टीखेळात राक्षसांशी लढाई. खेळ तीच चालवायची. गुहेत काय आहे, दलदलीत कोण दबा धरून बसलंय, हे ती सांगणार. नवरा आणि नणंद आपापलं पात्र घेऊन फासे टाकणार. छापील नियम तिला कधीच पुरले नाहीत. ‘टेबलाखाली गेलेला फासा बाद’, ‘चहा पिताना कुणावर हल्ला नाही’, असले तिचे घरचे नियम कपाटाच्या दारावर चिकटवलेले असत.

नणंदेला सगळे चिऊ म्हणत. चिऊचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी कामावरच पडून गेला. तेव्हापासून ती गप्पच झाली होती. पण खेळातली तिची तिरंदाज बाई तोंडाची फटकळ होती. तिच्या तोंडून चिऊ भांडायची, चक्क हसायचीसुद्धा.

म्हणून तिरंदाज दलदलीत बुडाली तेव्हा चिऊचा चेहरा वहिनीला बघवेना. तिने जागच्या जागी नवा नियम रचला आणि लिहून कपाटावर चिकटवला.

“मेलेल्याला परत आणता येईल. पण प्रत्येकाने आपली एक खरी आठवण द्यायची. मोठ्याने सांगायची आणि देऊन टाकायची.”

“देऊन टाकायची म्हणजे?” दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, विचारलं.

“दिली म्हणजे दिली. फाटे फोडू नकोस.”

दादाने तान्ह्या चिऊला पहिल्यांदा हातात घेतल्याची आठवण दिली. वहिनीने दिली लहानपणी आई तिचे केस विंचरायची ती.

“हॉस्पिटलचा दिवस,” चिऊ म्हणाली. “अख्खा घ्या. मला नकोच आहे तो.”

तिरंदाज चिखलातून उठली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच दिवशी बोलता बोलता वहिनीने त्या तान्ह्या चिऊचा विषय काढला. दादा तिच्याकडे बघतच राहिला. “मी? कधी सांगितलं असं?” वहिनीला हसू आलं. मग तिने स्वतःच्या आईचा हात आठवून पाहिला. हात नव्हता. फणीही नव्हती.

तेवढ्यात चिऊचा फोन आला. “दादा, हे अजून आले नाहीत रे. फोनही लागत नाही.”

दोघं धावतच तिच्या घरी गेले. टेबलावर दोन ताटं मांडलेली. दाराजवळ भावोजींची चप्पल, धुऊन वाळवलेली. चिऊ गुणगुणत होती.

“चिऊ,” दादा म्हणाला, “तो गेला गं. वर्ष झालं.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने खुर्ची धरली. मग पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि ती म्हणाली, “अरे, तुम्ही कधी आलात? हात धुऊन घ्या. हे येतीलच इतक्यात.”

दादाने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सांगायला त्याची जीभ रेटेना.

वहिनीने किल्ली असलेल्या शेजारणीला फोन करून तो नियम घरच्या कपाटावरून काढून फाडायला लावला. चिऊने मात्र जिन्यात पाऊल वाजलं तशी मान वळवलीच. शेवटी वहिनीने पिशवीतून फासे काढले.

“चिऊताई, ते येईपर्यंत खेळूया?”

“चालेल की!”

वहिनीने तिरंदाजाला पुन्हा त्याच दलदलीत नेलं. चिऊने फासा टाकला, एक पडला. “बुडते ती,” वहिनी म्हणाली. “आणि या वेळी कुणी परत आणायचं नाही. दिलेल्या आठवणी माघारी.”

दादाचा हात केसांकडे गेला. “कुणीतरी माझे केस विंचरतंय,” तो कुजबुजला. चिऊ आपल्या ओंजळीकडे बघत होती. “केवढीशी आहे मी,” ती म्हणाली. “मूठ बघा माझी.”

आणि वहिनीच्या नाकात औषधांचा वास शिरला. लांब, पिवळट कॉरिडॉर. नर्सने हातात दिलेला एक बूट. चादरीखालचा चेहरा, जो तिने जन्मभर जवळून पाहिलेला, आपला, फक्त आपला. तिच्या घशातून जो आवाज निघाला तो दादाने कधी ऐकला नव्हता.

“वहिनी, हे कुठे आहेत?” चिऊने विचारलं.

“सांगते. बैस माझ्याजवळ.”

वहिनीने सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते, सही कुठे केली ते. या वेळी ते चिऊच्या मनात राहिलं.

“मी रडले होते का?”

“नाही. बूट पुसत बसलीस. पुसतच राहिलीस.”

चिऊने उठून एक ताट आत ठेवलं.

आठवणी ज्याच्या त्याला परत मिळाल्या नाहीत. आता भावोजींचा विषय निघाला की रडू वहिनीला फुटतं, आणि तिला पाणी चिऊ आणून देते. कधी कधी वहिनी शेजारी बसलेल्या दादाकडे अशी बघते, जणू तो नात्यातला कुणी भला माणूस आहे, सांत्वनाला आलेला.