मुठीचं माप

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी आरोग्य खात्याच्या तपासनीस बाईंनी पातेल्यातून डावभर डाळ काढली, बाटलीत भरली आणि झाकणावर लाल पट्टी चिकटवली.

शाळेच्या या स्वयंपाकघरात थोरली आणि धाकटी अशा दोघी जावा राबत. नवा नियम येऊन सहा महिने झाले होते: डाळीत भाज्या दुप्पट, मीठ निम्मं. नव्वद मुलांच्या डाळीत ऐंशी ग्रॅम मीठ, त्यावर कणभरही नाही. आज मीठ जास्त निघालं किंवा मुलांनी ताटात फार टाकलं, तर हे स्वयंपाकघर बंद होऊन जेवण कारखान्यातून येणार होतं.

बाई हात धुवायला वळल्या तशी थोरलीने डाळ चाखली. तिचा चेहरा उतरला.

"अगं, ठार अळणी! मीठ विसरलीस?"

"मी?" धाकटी कुजबुजली. "तुम्ही नाही घातलंत?"

थोरलीच्या हातातला डाव पातेल्याच्या काठावर वाजला. धाकटी मोजून घालते त्या निम्म्या मिठाचं पोरं कसं खातील, म्हणून ती रोज वाढण्याआधी, न चाखताच, एक मूठ वरून सोडायची. गुपचूप. आज तपासणी, म्हणून तिने हात आवरला होता.

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच आठवड्यात. मीठ टाकताना तुम्ही चोरासारख्या इकडेतिकडे बघता, जाऊबाई. आंधळ्यालाही कळेल."

"मग बोलायचं नाही?"

"तुम्ही ऐकणाऱ्यातल्या आहात होय? मी माझं मापाचं घालणं सोडलं. तुमची मूठ तेवढी राहू दिली."

थोरलीने तळहात पदराला पुसला. कोरडाच होता, तरी पुसला.

घंटा झाली. दाराशी ताटं खणखणू लागली. बाटलीत मीठ नव्हतंच. आता गुपचूप मूठ सोडून गप्प बसलं, तर कागदावर सगळं ठीक होतं. पहिलं पोरगं ताट पुढे करून उभं राहिलं.

"थांब रे राजा," थोरली म्हणाली. मग वळून, "मॅडम, मीठ राहिलंय." आणि सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी वजनकाटा पुढे ओढला.

"तुमची मूठ दाखवा."

थोरलीने डब्यात हात घातला. मूठ काट्याच्या वाटीत सोडली. आकडा हलला, मग थांबला. एकोणऐंशी.

"एक ग्रॅम कमीच," धाकटी पुटपुटली. "वय झालं."

"तुझ्या तोंडाला माप लाव आधी."

मीठ पातेल्यात गेलं. बाईंनी दुसरी बाटली भरली, तिलाही लाल पट्टी लावली.

एक वाजता उष्ट्याची बादली जेमतेम दीड किलो भरली. दोन्ही बाटल्या बाईंच्या पिशवीत गेल्या. त्यांतली कोणती प्रयोगशाळेत पोचली आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं गेलं, ते अजून कळलेलं नाही. मिठाचा डबा मात्र हल्ली ओट्यावर, दोघींच्या मधोमध, उघडाच असतो.