माहिती देणारे: वडील

फोनवरच्या बाई फार गोड बोलत होत्या, आणि गोड बोलण्याची तिला आधीच धास्ती होती.

"ताई, तुमच्या मुलीचा अर्ज चाळणीतच अडकला. नव्या औषधाची ही चाचणी घरबसल्या चालणार, म्हणजे सगळी मदार घरच्यांवर. आणि तुमच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये नोंद आहे, दम्याचा पंप नियमित दिला जात नाही."

तिला हसूच आलं. दोन वर्षांत तिने चिमीची एक वेळ चुकवली नव्हती. सकाळ-संध्याकाळ पंप दिला की फ्रिजवरच्या तक्त्यावर खूण. नवरा तिला 'हेडबाई' म्हणायचा ते उगाच नाही.

"दुसऱ्याच कुणाची फाइल उघडली असेल."

"नाही हो. तारीख बारा. 'आईकडून पंप द्यायचा राहतो.' माहिती देणारे: वडील."

बारा तारखेला ती घरात नव्हतीच. स्वतःच्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर माहेरी होती. परतली तेव्हा चिमी खोकून खोकून मलूल झालेली, पण तक्ता भरलेला. तिला नवऱ्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. आता तिने जवळ जाऊन पाहिलं. चौदा खुणा, एकाच पेनाने, एका दमात ओढलेल्या. शेवटच्या दोन तर चौकटीबाहेर.

"दुरुस्ती होते," बाई म्हणाल्या, "पण ज्यांनी सांगितलं त्यांनीच ऑनलाइन करायची. आज पाचपर्यंत. मग यादी बंद."

नवरा आत लॅपटॉपवर काम करत होता.

"बारा तारखेला डॉक्टरांना काय सांगितलंस?"

त्याने मान वर केली नाही. "अगं, ते माझ्यावरच घसरले. विसरलो म्हटलं असतं तर तिथेच माझी शाळा घेतली असती. निघून गेलं तोंडातून."

"माझं नाव?"

"तू कुठे होतीस तिथे? तुला थोडीच बोलणी बसणार होती."

पलीकडे चिमी बाहुलीला पंप देत होती. "तोंड उघड. आता दहापर्यंत श्वास धर. एक, दोन…" सातलाच तिला स्वतःला खोकला आला.

"खरं काय ते लिही. आत्ता."

"लिहितो की. त्यात काय एवढं." त्याने टकटक केलं, पाठवलं, आळस दिला. तिच्या फोनवर लगेच निरोप आला. नोंद दुरुस्त: 'आईवडील, दोघांकडूनही कधीकधी पंप द्यायचा राहतो.'

तिने दोनदा वाचलं.

"दोघांकडून?"

"एकट्याचं नाव बरं दिसत नाही गं. आणि चिमी दोघांची आहे ना? ही नाही तर दुसरी चाचणी निघेल."

तिने फ्रिजवरचा तक्ता आणून त्याच्या कीबोर्डवर ठेवला. त्याने तो अलगद बाजूला केला आणि काम पुढे चालू केलं. पाच वाजून गेले. बाईंचा फोन पुन्हा आला नाही.

सातला तिने चिमीला पंप दिला, दहापर्यंत मोजलं आणि तक्ता पुन्हा फ्रिजवर लावला. खूण केली. मग आज पहिल्यांदाच खुणेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: माहिती देणारी, आई.